डब्यांत राहिलेलं हसू

बेव्हर्ली हिल्समध्ये इटालियन पद्धतीचा एक प्रशस्त बंगला आहे. बस्टर कीटन या विनोदी नटानं तो १९२६च्या सुमारास हौसेनं बांधून घेतला. सहा-सात वर्षांत तो त्याच्या हातून गेला आणि पुढे जेम्स मेसन या इंग्लिश नटानं विकत घेतला. पन्नाशीच्या दशकात मेसनला त्याच आवारातल्या एका बंद जागेत जुन्या फिल्मचे डबे सापडले. काहींतली फिल्म चांगली होती, काहींतली खराब व्हायला लागली होती. ज्याचे ते डबे, तो कीटन तेव्हा जिवंत होता, त्याच गावच्या आसपास राहत होता. पण घर गेलं, बायको गेली, मुलं दुरावली, त्यात डब्यांची आठवण कोण ठेवणार!

त्या काळची फिल्म नायट्रेटची असे. उष्णता आणि दमट हवा लागली की ती आधी चिकट होते, मग तिचा तपकिरी भुगा होतो. पेटली तर पाण्याखालीही विझत नाही. मूकपट मागे पडले तेव्हा तिच्यातली चांदी काढून घेण्यासाठी कित्येक चित्रपट वितळवून टाकले गेले. आपल्याकडे दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ आज तुकड्यांतच पाहायला मिळतो, त्याचंही कारण वेगळं नाही. तरीसुद्धा कीटनचे १९२० ते १९२३ या काळातले एकोणीस छोटे चित्रपट, प्रत्येकी सुमारे वीस मिनिटांचे, आज घरात बसून बघता येतात. हे कसं झालं, हे त्याच्या आयुष्याइतकंच नवलाचं आहे.

४ ऑक्टोबर १८९५ रोजी कॅन्सस राज्यातल्या पिक्वा नावाच्या खेड्यात त्याचा जन्म झाला. आईबाप फिरत्या नाटकमंडळीतले. मुक्कामी खेळ होता म्हणून मूल तिथे जन्माला आलं, एवढाच त्या गावाशी संबंध. खरं नाव जोसेफ. ‘बस्टर’ हे टोपणनाव जादूगार हुडिनीनं ठेवलं, असं घरात सांगत. त्यात खरं किती आणि बापानं रचलेलं किती, हे ठरवणं अवघड, कारण जो कीटन हा गृहस्थ गोष्ट रंगवण्यात कुणाला हार जाणारा नव्हता.

पाचेक वर्षांचा असतानाच पोरगं रंगमंचावर आलं. कामाचं स्वरूप सोपं होतं: बापानं मुलाला उचलून फेकायचं. मुलाच्या कपड्यांना पाठीवर सूटकेसची मूठ शिवलेली असे, म्हणजे धरायला बरं. कधी पडद्यावर, कधी वाद्यवृंदाच्या खड्ड्यात, असा तो फेकला जाई. बालसंरक्षणवाल्यांनी कपडे उतरवून अंगावर वळ आहेत का, हेही तपासलं होतं. ते मिळाले नाहीत, कारण पडायचं कसं हे त्याला चालण्याबरोबरच आलं होतं. आणखी एक गोष्ट त्यानं तिथेच ओळखली. आपटल्यावर आपण हसलो तर प्रेक्षक कमी हसतात, चेहरा गंभीर ठेवला तर छप्पर उडतं. पुढे जगानं ज्याला दगडी चेहरा म्हटलं तो असा सात-आठ वर्षांच्या पोराच्या हिशेबातून आलेला आहे. आजच्या आईबापांना हे बालपण क्रूर वाटेल. मलाही वाटतं. पण खुद्द कीटननं बापाला त्याबद्दल कधी दोष दिला नाही. दोष दिला तो दारूला. बापाचे पिऊन झेल चुकू लागले, तेव्हा १९१७ मध्ये आई आणि मुलगा दोघांनी मिळून तो खेळ बंद केला.

त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये रॉस्को आर्बकल या धिप्पाड विनोदी नटानं त्याला आपल्या छोट्या चित्रपटात घेतलं. ‘द बुचर बॉय’ हा त्याचा पहिला चित्रपट. रंगमंचावर आठवड्याला मिळायचं त्यापेक्षा पैसे पुष्कळ कमी, तरी तो राहिला, कारण त्याला कॅमेऱ्यानं झपाटलं. एक कॅमेरा रात्री घरी नेऊन त्यानं तो पूर्ण उघडला आणि परत जोडला, असं सांगतात. पहिल्या महायुद्धात फ्रान्सला जाऊन आला, तिथे एका कानानं जवळपास दगा दिला, आणि परतल्यावर १९२० मध्ये त्याला स्वतःचा स्टुडिओ मिळाला.

‘वन वीक’ हा त्याचा तिथला पहिला प्रदर्शित झालेला चित्रपट. नवपरिणीत जोडप्याला लग्नात घर भेट मिळतं, पण सुट्या भागांत, खोक्यांवर आकडे घालून. प्रेमात हरलेला एक जण खोक्यांवरचे आकडे बदलतो. त्यामुळे घर उभं राहतं ते वाकडंतिकडं. दरवाजा वरच्या मजल्यावर उघडतो. वादळ आलं की सगळं घर पाहुण्यांसकट भोवऱ्यासारखं फिरतं. त्यातून कळतं की घर चुकीच्या प्लॉटवर बांधलंय, ते रुळांपलीकडे हलवायला हवं. ओढता ओढता घर नेमकं रुळांवर अडकतं. समोरून गाडी येते. दोघं डोळे मिटून घेतात. गाडी शेजारच्या रुळावरून निघून जाते. हुश्श म्हणेपर्यंत दुसऱ्या बाजूनं दुसरी गाडी येते आणि घराचा चुराडा करते. हे वर्णन वाचून हसू येत नसेल तर दोष माझा. आमच्या घरी तीन पिढ्यांनी हे एका सोफ्यावर बसून पाहिलंय आणि दुसऱ्या गाडीला तिन्ही पिढ्या एकदमच ओरडल्या आहेत.

पुढे ‘द प्लेहाउस’मध्ये तर नट, वादक, प्रेक्षक, बायका-मुलं सगळ्या भूमिकांत तो स्वतःच. एकाच चौकटीत नऊ-नऊ कीटन. तीच फिल्म पुन्हा मागे गुंडाळायची आणि भिंगाचा एक-एक भाग उघडून पुन्हा चित्रण करायचं, अशी ती युक्ती. एल्गिन लेस्ली हा कॅमेरामन हातानं हँडल फिरवी आणि वेग एका केसानंही चुकवून चालत नसे. १९२१ साली हे करायचं कारणही साधंच: आधीच्या चित्रपटात कीटनचा घोटा मोडला होता आणि काही दिवस त्याला पडापडी जमणार नव्हती!

१९२३ नंतर तो मोठ्या चित्रपटांकडे वळला. ‘शेरलॉक ज्युनियर’च्या वेळी पाण्याच्या लोंढ्यानं त्याची मान मोडली, आणि ते कळलं कित्येक वर्षांनी, वेगळ्याच तपासणीत. ‘द जनरल’साठी ओरेगॉनमध्ये खरं इंजिन जळत्या पुलावरून नदीत पाडलं. चित्रपट चालला नाही. ‘स्टीमबोट बिल ज्युनियर’मध्ये घराची अख्खी दर्शनी भिंत त्याच्या अंगावर कोसळते आणि वरच्या खिडकीच्या पोकळीतून तो सुखरूप राहतो. भिंत खरी, वजन काही टनांचं, मोकळी जागा दोन्ही बाजूंना काही इंच.

आता थोडं रुक्ष लिहितो. बत्तीस वर्षं मी बँकेत काढली. कर्जाच्या कागदांवर सही करताना काय सही करतोय हे न वाचणारी माणसं मी रोज पाहिली, आणि त्यांत हुशार माणसंच जास्त असत. कीटन त्यांतला. त्याच्या नावानं कंपनी होती, पण तिच्यात त्याचा एकही शेअर नव्हता. ठरलेला पगार आणि नफ्यातला चौथा हिस्सा, एवढंच त्याचं. कंपनी चालवणारा जोसेफ शेंक हा त्याचा साडू; नॅटली टॅल्मॅज आणि नॉर्मा टॅल्मॅज या सख्ख्या बहिणींचे हे दोघे नवरे. घरचा माणूस म्हटल्यावर कागद कोण वाचतो? १९२८ मध्ये शेंकनं स्टुडिओ गुंडाळला आणि कीटनला एमजीएम या बड्या कंपनीकडे जायला सांगितलं. चॅप्लिननं जाऊ नको म्हणून बजावलं होतं, असं सांगतात. हा गेला. आठवड्याला तीन हजार डॉलर मिळाले, पण काय करायचं ते ठरवण्याची मोकळीक गेली. विनोद लिहायला दुसरे, कथा ठरवायला तिसरे. मग दारू. १९३२ मध्ये घटस्फोट, बंगला गेला, दोन्ही मुलांची आडनावंसुद्धा बदलली गेली. १९३३ मध्ये कंपनीनं काढून टाकलं. नंतरची वर्षं स्वस्तातल्या छोट्या बोलपटांत गेली, आणि मग त्याच एमजीएममध्ये आठवड्याला शंभर डॉलरवर दुसऱ्यांच्या चित्रपटांसाठी विनोद सुचवण्यात.

त्याला सावरलं एलिनॉर नॉरिसनं. ही नर्तिका त्याच्याहून तेवीस वर्षांनी लहान. १९४० मध्ये लग्न झालं तेव्हा ओळखीच्यांनी तिला वेड्यात काढलं होतं. तिनं शेवटपर्यंत संसार केला.

१९५४ मध्ये दोघं लॉस एंजेलिसच्या कोरोनेट थिएटरमध्ये ‘द जनरल’ बघायला गेली. ते चित्रपटगृह चालवणारा रेमंड रोहाउअर हा फिल्म गोळा करणारा तरुण. कीटनच्या गॅरेजमध्येही काही डबे पडून होते. रोहाउअरनं ते घेतले, मेसनकडचेही मिळवायची खटपट केली आणि नायट्रेटवरून टिकाऊ फिल्मवर प्रती काढल्या. हा माणूस काही संत नव्हता. हक्क आपल्याकडे घेऊन तो इतरांवर दावे लावी, त्यामुळे कित्येक वर्षं हे चित्रपट बघणं कोर्टाच्या तारखांवर अवलंबून राहिलं. पण मी त्याला दोष देताना जरा थांबतो. सज्जन स्टुडिओवाल्यांनी फिल्म कुजू दिली, आणि या भांडकुदळ माणसानं ती वाचवली.

कीटनला त्याचा लाभ थोडा उशिरा, पण मिळाला. १९६० मध्ये मानाचं ऑस्कर हातात आलं, १९६५ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात लोक उभे राहून टाळ्या वाजवत राहिले. वुडलँड हिल्सच्या छोट्या घरी त्यानं बागेत खेळण्यातली आगगाडी बसवली होती, ती पाहुण्यांना खाऊ आणून देई. १ फेब्रुवारी १९६६ रोजी, सत्तर वर्षांचा असताना, फुप्फुसाच्या कर्करोगानं तो गेला.

त्यानंतरची कथा रसिकांची आहे. आधी सोळा मिलिमीटरच्या प्रतीच्या प्रतीची प्रत, मग त्यावरून काढलेल्या व्हिडिओ कॅसेट. त्यांत कीटनचा चेहरा चुन्यासारखा पांढरा दिसे, डोळे तर दिसतच नसत, आणि लोक म्हणत, हा काही व्यक्तच करत नाही. १९९५ साली त्याच्या जन्मशताब्दीला किनो या कंपनीनं अमेरिकेत त्याच्या चित्रपटांचा कॅसेट-संच काढला, पुढे डीव्हीडी आल्या, २०११ मध्ये एकोणीस छोटे चित्रपट ब्लू-रेवर आले. चांगल्या प्रतीत ते डोळे दिसले तेव्हा कळलं, दगड होता तो ओठांपाशी. डोळ्यांत भीती, लाज, आशा सगळं चाललेलं असतं. मूकपटांचे शौकीन आजही एकेका संचावरून वाद घालतात: फिल्म कुठल्या वेगानं चालवली, संगीत कुणाचं, कुठल्या प्रतीत कुठला तुकडा जास्त आहे. बाहेरच्याला हे वेड वाटेल. पण त्यांच्या या चिकटपणामुळेच कंपन्या पुन्हा पुन्हा शोध घेतात. आर्बकलबरोबरचा ‘द कुक’ १९९८ मध्ये नॉर्वेत सापडला. २०१३ मध्ये अर्जेंटिनात फर्नांडो पेन्या या संग्राहकाला ‘द ब्लॅकस्मिथ’ची वेगळीच आवृत्ती मिळाली. आपण इतकी वर्षं बघत होतो त्याहून निराळे विनोद त्यात होते, म्हणजे कीटननं चित्रपट पूर्ण झाल्यावर भाग बदलले होते. ‘डेड्रीम्स’ मात्र अजून अपुराच आहे. गेलेल्या जागा छायाचित्रांनी भराव्या लागतात.

आणि ‘हार्ड लक’. १९२१चा हा चित्रपट साठेक वर्षं हरवलेला होता. त्यातला शेवटचा प्रसंग कीटनला स्वतःला सगळ्यांत आवडायचा, सगळ्यांत मोठा हशा त्यालाच मिळाला, असं तो सांगत असे. १९८७ मध्ये चित्रपट जुळवला गेला, तेव्हा नेमका तोच प्रसंग नव्हता. तो पुढे सापडला. पोहण्याच्या तलावाकाठी उंच फळीवरून कीटन ऐटीत उडी मारतो, तलाव चुकतो, जमिनीत भोक पडतं आणि तो त्यातून खाली जातो. काही वर्षं लोटतात. तलाव सुकलेला, ओसाड. त्या भोकातून तो वर येतो, चिनी पोशाखात, मागोमाग त्याची चिनी बायको आणि पोरं.