चार्ल्स केटरिंग : गाडीला ‘सेल्फ’ देणारे शाळामास्तर

गाडीचा ‘सेल्फ’ हा शब्द आपण रोज वापरतो. तो ज्यांच्यामुळे आला ते चार्ल्स केटरिंग तरुणपणी खेड्यातल्या शाळेत मास्तर होते, हे वर्गात जरूर सांगा.

केटरिंग यांचा जन्म २९ ऑगस्ट १८७६ रोजी अमेरिकेतील ओहायो राज्यात, लाउडनव्हिल गावाजवळच्या शेतावर झाला. डोळे अधू. वाचायला बसलं की डोकं दुखायचं. त्यापायी कॉलेज सोडावं लागलं, मग काही काळ टेलिफोनच्या तारा ओढणाऱ्या टोळीत काम केलं. पुन्हा कॉलेजात गेले आणि १९०४ साली, अठ्ठाविशीला टेकल्यावर, इंजिनिअर झाले.

पहिली मोठी नोकरी डेटन शहरात, दुकानातले गल्ले बनवणाऱ्या कंपनीत. हाताने दांडा फिरवून चालणारा गल्ला त्यांनी विजेवर आणला. गंमत इथेच आहे बघा. गल्ल्याला दिवसभर ताकद लागत नाही, क्षणभर जोराचा हिसका लागतो. म्हणून छोटी मोटर पुरते.

त्या काळी गाडी सुरू करायची म्हणजे पुढे उभं राहून हँडल मारायचं. इंजिनने उलटा झटका दिला की मनगट मोडायचं. कॅडिलॅक कंपनीचे हेन्री लेलँड यांना यावर उपाय हवा होता. मोटरने इंजिन फिरवायचं तर ती अवजड होईल, असा जाणकारांचा हिशेब. केटरिंग यांनी गल्ल्याचा धडा वापरला. १९०९ साली एडवर्ड डीड्स यांच्याबरोबर त्यांनी डेल्को कंपनी काढली होती आणि डीड्स यांच्या घरामागच्या कोठारात काम चालायचं. १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये सेल्फ आला.

पण खरा पेच पुढेच होता. सेल्फ मारला की बॅटरी खर्च होते, ती भरायची कोणी? त्यांनी तेच यंत्र इंजिन सुरू झाल्यावर डायनामो म्हणून वापरलं. आता डायनामो जितका जोरात फिरेल तितका दाब, म्हणजे व्होल्टेज, वाढतो. गाडी हळू चालली तर बॅटरी उपाशी, पळाली तर अति खाऊन खराब. त्यावर लगाम हवा, तो म्हणजे रेग्युलेटर. आपले मेकॅनिक त्याला ‘कटआउट’ म्हणतात.

आजच्या १२ व्होल्टच्या गाडीवर हे मुलांना दाखवता येतं. मल्टिमीटर घ्या, मोठ्या माणसानेच धरा. इंजिन बंद असताना चांगल्या बॅटरीवर साधारण १२.६ व्होल्ट दिसतात. इंजिन चालू केल्यावर बहुतेक गाड्यांत १३.८ ते १४.५. आकडा वाढलाच नाही तर आधी पट्टा सैल आहे का आणि बॅटरीचे टर्मिनल पांढरे पडलेत का ते बघा, मग अल्टरनेटरवर संशय घ्या. इंजिनचा वेग वाढवल्यावर आकडा १५ च्या वर गेला तर बहुधा रेग्युलेटर बिघडलाय. अशा गाडीत बॅटरीचं पाणी लवकर आटतं, बल्ब वारंवार उडतात. नुसती नवी बॅटरी टाकली तर तीही जाते, हा खर्च अनेक घरांनी केलेला आहे.

पुढे केटरिंग १९४७ पर्यंत जनरल मोटर्सच्या संशोधन विभागाचे प्रमुख होते. याच विभागात थॉमस मिजली यांनी १९२१ साली पेट्रोलमध्ये शिसं मिसळण्याची युक्ती शोधली. इंजिनची खडखड थांबली, पण ते विष जगभरच्या हवेत गेलं. केटरिंग यांनी त्या पेट्रोलचा जोरदार पुरस्कार केला. चरित्र सांगताना हे गाळू नये, असं मला वाटतं. मुलं विचारतीलच, मग ते थोर कसे? विचारू द्या.

न्यूयॉर्कच्या स्लोन-केटरिंग या कर्करोग संशोधन संस्थेला त्यांचंही नाव आहे. २५ नोव्हेंबर १९५८ रोजी डेटनमध्ये त्यांचं निधन झालं. शिशाचं पेट्रोल भारतात २००० साली बंद झालं.