गिल्बर्ट व्हाइट आणि भिंगरीचा प्रश्न

पावसाळा सरला कीं गांवाबाहेरील विजेच्या तारांवर भिंगऱ्यांच्या रांगा बसलेल्या आपण पाहतों. निळसर काळी पाठ, तांबूस कंठ आणि कात्रीसारखी दुभंगलेली शेपटी, ही त्यांची खूण. उन्हाळ्यांत त्या दिसेनाशा होतात. मग त्या जातात तरी कोठें? या प्रश्नाचा ज्यांनीं जन्मभर पाठपुरावा केला, त्या सत्पुरुषाचें हें अल्प चरित्र आहे.

गिल्बर्ट व्हाइट यांचा जन्म १८ जुलै १७२० रोजीं इंग्लंडांत, हँपशायर परगण्यांतील सेलबोर्न या खेड्यांत झाला. ऑक्सफर्ड येथें त्यांनीं विद्या संपादन केली व १७४४ सालीं ओरिएल कॉलेजांत ते फेलो झाले. पुढें धर्मोपदेशकाची दीक्षा घेऊनहि मोठ्या पदाचा लोभ त्यांनीं धरिला नाहीं. आपल्या व शेजारच्या गांवीं दुय्यम उपदेशकाचें काम करावें, आणि फावल्या वेळीं रानांत हिंडून जें दिसेल तें वहींत टिपून ठेवावें, असा त्यांचा क्रम असे.

त्या काळीं पक्ष्यांचा अभ्यास बहुधा पेंढा भरलेल्या कातड्यांवरून होई. व्हाइट यांनीं डोळ्यांबरोबर कानांचाहि उपयोग केला. सेलबोर्नच्या झाडींत हिरवट पिवळे, बोटाएवढे पक्षी असत; लोक त्या सर्वांस एकच समजत. त्यांतील एक दोनच स्वर आळीपाळीनें काढतो, दुसऱ्याचें गाणें वरून खालीं उतरत येतें, आणि तिसरा उंच वृक्षांच्या शेंड्यांवर पंख थरथरवीत नाकतोड्यासारखा आवाज करतो, हें त्यांनीं ओळखलें. या तीन निरनिराळ्या जाती आहेत, असें १७६८ सालीं त्यांनीं आपले विद्वान् मित्र पेनंट यांस पत्रानें कळविलें, आणि तें खरें ठरलें.

भिंगरीनें मात्र त्यांस चकविलें. हिंवाळ्यांत भिंगऱ्या तळ्यांच्या चिखलांत निजून राहतात, असें तेव्हां कांहीं विद्वान् मानीत. व्हाइट यांचे बंधु जिब्राल्टर येथें असत. तेथें भिंगऱ्यांचे थवे समुद्र ओलांडतांना त्यांनीं पाहिले होते. तरीहि शरद् ऋतूच्या अखेरीस एखादे उबदार दिवशीं अवचित भिंगरी दिसे, त्यामुळें कांहीं जवळच कोठें दडून राहत असाव्यात, ही शंका व्हाइट यांच्या मनांतून गेली नाहीं. त्यांनीं झुडपें शोधविलीं, ओसाड झोपडीचें शाकारलेलें छप्परहि उकलून पाहविलें. एकहि भिंगरी सांपडली नाहीं! हें अपयश त्यांनीं लपविलें नाहीं. जसें घडलें तसें लिहून ठेविलें.

त्यांच्या पत्रांचें पुस्तक १७८९ सालीं प्रसिद्ध झालें व २६ जून १७९३ रोजीं ते निवर्तले. पुढें मे १९११ मध्यें इंग्लंडांतील स्टॅफर्डशायर परगण्यांत एका भिंगरीच्या पायांत कडें घातलें गेलें. तीच भिंगरी डिसेंबर १९१२ मध्यें दक्षिण आफ्रिकेंत नाताळ प्रांतांत सांपडली. व्हाइट यांच्या मृत्यूनंतर ११९ वर्षांनीं उत्तर मिळालें. आपल्याकडील भिंगऱ्याहि अशाच प्रवासी. उन्हाळ्यांत त्या हिमालयाकडे व त्यापलीकडील उत्तरेच्या प्रदेशांत जाऊन घरटीं बांधतात.

विद्यार्थीमित्रांनो, यंदां पहिली भिंगरी दिसेल ती तारीख वहींत लिहून ठेवा. आणि पालकहो, मुलानें एखाद्या पाखराचें नांव विचारलें व तें आपणांस ठाऊक नसलें, तर त्यांत संकोच मानूं नये; त्याच्याबरोबर अंगणांत उभें राहून तें पाखरूं पाहावें. सेलबोर्नच्या देवळाजवळ व्हाइट यांची समाधि आहे. तिच्या लहानशा दगडावर नांवाचीं दोन आद्याक्षरें व मृत्यूची तारीख, एवढेंच कोरलेलें आहे.