लक्ष्मणराव किर्लोस्कर : अनुकरणाकडून स्वत्वाकडे

यंत्रांच्या जगात नक्कल कशाला म्हणावे आणि निर्मिती कशाला, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. मोबाईलच्या रचनेवरून अॅपल आणि सॅमसंग या दोन बलाढ्य कंपन्या २०११ साली न्यायालयात गेल्या आणि २०१८ पर्यंत भांडत राहिल्या. मी भोपाळात अभियांत्रिकी शिकवतो. येथील अवजड विद्युत कारखान्यासाठी १९५५ साली ब्रिटनच्या असोसिएटेड इलेक्ट्रिकल इंडस्ट्रीज या कंपनीशी करार झाला. परक्यांचे तंत्र रीतसर करार करून घेतले गेले आणि १९६० पासून येथे यंत्रे तयार होऊ लागली. या कारखान्याच्या परिसरात वाढलेल्या माझ्या विद्यार्थ्यांची अशी समजूत असते, की दुसऱ्याचे तंत्र एकतर विकत घ्यावे, नाहीतर ते चोरावे. तिसरा मार्ग नाहीच. अशा वेळी मी त्यांना ज्या माणसाची हकिकत सांगतो, तो आपल्याच बेळगाव जिल्ह्यातला.

लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी गुर्लहोसूर येथे झाला. घर मराठी, भोवतालचा मुलूख कानडी. वडील वेदान्ताचे व्यासंगी; मुलाचे मन मात्र चित्रांत आणि यंत्रांत. चित्रकार व्हावे म्हणून तो मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेला, पण डोळ्यांना काही रंगांतला फरक कळत नाही, असे तेथे आढळून आले. दुसरा एखादा हताश होऊन गावी परतला असता. लक्ष्मणरावांनी रंग सोडले आणि रेषा धरली. यंत्रांची रेखाटने शिकून ते मुंबईच्याच व्हिक्टोरिया ज्युबिली तांत्रिक संस्थेत अध्यापक झाले. फावल्या वेळी ते कार्यशाळेतली यंत्रे न्याहाळीत, परदेशी तांत्रिक मासिके वाचीत. यंत्रविद्येची कोणतीही पदवी त्यांच्याजवळ नव्हती.

पुढे बढतीची वेळ आली, तेव्हा त्यांना डावलून ती जागा एका अँग्लो-इंडियन गृहस्थास देण्यात आली. काम कोणाचे चांगले, हा प्रश्नच तेथे विचारला गेला नाही. लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली. बेळगावात थोरले बंधू रामूअण्णा यांच्या साथीने किर्लोस्कर ब्रदर्स या नावाचे सायकलींचे दुकान १८८८ सालीच सुरू झाले होते. आता लक्ष्मणरावांनी तेथे आपले सारे लक्ष घातले. परंतु दुसऱ्याने बनविलेला माल विकण्यात त्यांचे मन रमेना. त्यांनी छोटा कारखाना काढून कडबा कापण्याची यंत्रे केली आणि नंतर हाती घेतला लोखंडी नांगर.

येथेच आपल्या मूळ प्रश्नाशी गाठ पडते. हा नांगर लक्ष्मणरावांच्या कल्पनेतून निघालेला नव्हता. विलायती नांगर समोर ठेवूनच तो घडविला होता. मग ही चोरी झाली काय? इंग्लंडमधील इप्सविच येथील रॉबर्ट रॅन्सम याने फाळाच्या ओतकामाची एक युक्ती काढून १८०३ साली तिचे पेटंट घेतले होते. वितळलेला रस साच्यात ओतताना एक बाजू थंड धातूला टेकली, की ती झटकन गोठून अतिशय कठीण होते. दुसरी बाजू त्या मानाने मऊ राहते. जमिनीत चालताना मऊ बाजू आधी झिजते आणि फाळाला आपोआप धार राहते. पेटंटची मुदत त्या काळी चौदा वर्षांची असे. म्हणजे लक्ष्मणरावांनी भट्टी पेटवली, तेव्हा त्या युक्तीवरचा मालकी हक्क संपून ऐंशीहून अधिक वर्षे लोटली होती. पेटंटचा व्यवहारच असा आहे : शोधकाने आपले गुपित उघड करावे, समाजाने त्याला काही वर्षे एकाधिकार द्यावा, आणि नंतर ते ज्ञान सर्वांचे व्हावे.

पण ज्ञान मोकळे असले तरी ते फुकट हाती येत नाही. नांगर पाहून त्याचे चित्र काढता येते. त्याचे लोखंड कोणत्या मिश्रणाचे, रस किती तापवायचा, वाळूचा साचा कसा बांधायचा, हे चित्रात दिसत नाही. ते हात भाजून घेऊनच शिकावे लागते. शिवाय गिऱ्हाईकही हवे. लोखंडाने जमीन विषारी होते, असा शेतकऱ्यांचा समज होता. पहिला नांगर विकला जाण्यास दोन वर्षे लागली! हरळी-कुंद्याच्या मुळ्या उपटून माती उलथी करणारे हे अवजार लाकडी नांगरापेक्षा सरस आहे, ही खात्री शेताच्या बांधावरच पटवावी लागली.

एवढ्यात बेळगावच्या नगरपालिकेला कारखान्याची जागा गावाच्या वाढीसाठी हवी झाली. औंधचे संस्थानिक बाळासाहेब पंतप्रतिनिधी धावून आले. त्यांनी कुंडल रोड स्टेशनाजवळ ३२ एकर माळ आणि भांडवलासाठी कर्ज दिले. निवडुंग आणि सापांच्या त्या माळावर १० मार्च १९१० रोजी किर्लोस्करवाडी उभी राहिली. पहिल्या महायुद्धात परदेशी मालाची आवक आटली, तरी भट्टी विझली नाही. ज्याने केवळ बाह्य आकार उचलला असता, तो अशा वेळी हात जोडून बसला असता. लक्ष्मणरावांनी मालामागची विद्या आत्मसात केली होती. पुढे १९२६ च्या सुमारास पाण्याचे पंप निघू लागले. १९४१ मध्ये हरिहरला यंत्रावजारांचा, तर १९४६ मध्ये पुण्यास इंजिनांचा आणि बंगळूरला विजेच्या मोटारींचा उद्योग उभा राहिला.

वाट एकाने पाडली, की दुसरेही तिच्यावरून चालू लागतात. १९२२ साली साताऱ्यास धनजीशा कूपर यांचा कारखाना निघाला आणि लोखंडी नांगराच्या त्याच बाजारात उतरला. कूपरांनी तेलावर चालणारे इंजिनही बनविले. आज काही जणांना यात किर्लोस्करांवर अन्याय दिसेल. मला तो दिसत नाही. ज्या दाराने आपण आत आलो, ते दार आपल्यामागे लावून घेण्याचा अधिकार कोणालाच नसतो. शेतकऱ्याला मात्र दोन नांगर पारखून एक निवडण्याची सोय झाली. मुंबईत लक्ष्मणरावांना जी निवड नाकारली गेली होती, ती हीच : माणूस न पाहता काम पाहण्याची.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणराव निवर्तले. त्याच वर्षी भोपाळच्या कारखान्याची कंपनी स्थापन झाली, हा केवळ योगायोग. पण मला तो अर्थपूर्ण वाटतो. करार करून घेतलेली विद्या असो वा पाहून शिकलेली, ती अंगी मुरल्याशिवाय आपली होत नाही.

माझ्या विद्यार्थ्यांना हवा असलेला तिसरा मार्ग तो हाच. जे मोकळे आहे ते निःसंकोच घ्यावे, जे दुसऱ्याच्या हक्काचे आहे त्याचे मोल द्यावे. पण मालावर नाव मात्र स्वतःचे घालावे. लक्ष्मणरावांनी आपला नांगर विलायती छापाखाली खपविला नाही. किर्लोस्कर या नावाने तो विकला आणि त्याच्या गुणदोषांची जबाबदारी उचलली. दुसऱ्याच्या नावाआड दडणारी नक्कल ही चोरी, आणि स्वतःच्या नावाने उत्तर देण्यास उभे राहणारे अनुकरण हे शिक्षण. पदवीधर होऊन बाहेर पडणाऱ्या आपल्या तरुणांनी हा भेद ओळखला, तर त्या नांगराने केलेली नांगरट अजून पीक देईल.