ओले वोर्म आणि रूनलेख

डेन्मार्कमधील ओऱ्हूस येथे १५८८ साली जन्मलेला ओले वोर्म हा व्यवसायाने वैद्य. बाझेलला १६११ साली वैद्यकाची पदवी घेऊन तो कोपनहेगन विद्यापीठात प्राध्यापक झाला. कवटीच्या सांध्यांतील लहान अस्थींना आजही त्याचेच नाव आहे. वाङ्मयाच्या अभ्यासकाला मात्र तो आठवतो तो रून लिपीमुळे.

जर्मानिक भाषा बोलणाऱ्या लोकांची ही प्राचीन लिपी. पहिल्या सहा चिन्हांच्या उच्चारांवरून तिच्या वर्णमालेला ‘फुथार्क’ म्हणतात. जुन्या फुथार्कमध्ये २४ चिन्हे होती. वायकिंग काळात स्कँडिनेव्हियात ती १६ वर आली. भाषेतील स्वर वाढत असता चिन्हे घटावीत हे नवलच. त आणि द, क आणि ग यांना मिळून एकेकच चिन्ह उरले. वोर्मपुढचे शिलालेख मुख्यत्वे या १६ चिन्हांचे होते.

१६२२ साली राजाज्ञेने धर्मप्रांतांच्या बिशपांकडून प्राचीन अवशेषांची माहिती मागविण्यात आली. गावोगावच्या धर्मोपदेशकांनी पाठविलेले वृत्तान्त आणि स्कोनविगसारख्या चित्रकारांनी प्रत्यक्ष जाऊन काढलेली रेखाटने वोर्मकडे जमा झाली. त्यांतून त्याचा रूनलेखांचा संग्रह १६४३ साली प्रसिद्ध झाला.

तत्पूर्वी १६३६ च्या ग्रंथात त्याने रून हिब्रू लिपीपासून निघाल्याचे प्रतिपादन केले. ते टिकले नाही. जुनी आइसलँडी काव्ये मुळात रून लिपीतच लिहिली गेली असावीत, या समजुतीने त्याने ‘क्राकूमाल’ हे काव्य रून अक्षरांत छापले. वस्तुतः ते लॅटिन लिपीतील हस्तलिखितांतून आलेले. शिवाय तेथील शिंगाच्या पेल्याचे रूपक लॅटिन भाषांतरात शत्रूची कवटी झाले आणि कवटीतून मद्य पिणारा वायकिंग युरोपीय साहित्यात रूढ झाला! अलंकार न उमगल्याची इतकी दीर्घायुषी चूक क्वचितच सापडेल. स्वीडनच्या योहानेस बुरेउसशी त्याची स्पर्धा होती, तीत दोन्ही राज्यांचा अभिमानही मिसळलेला होता. त्यामुळे वोर्मच्या निष्कर्षांवर विसंबणे धोक्याचेच. त्याच्या संग्रहाविषयी मात्र असे म्हणता येणार नाही.

१६५४ साली, कोपनहेगनमध्ये प्लेगची साथ असता, तो वारला. १७२८ च्या आगीत विद्यापीठाचे ग्रंथालय जळाले. कित्येक शिळा पुढे बांधकामांत फोडल्या गेल्या. त्यांचे लेख आज केवळ वोर्मच्या ग्रंथात वाचावयास मिळतात. स्कोने प्रांतातील हुनेस्टाड येथील आठ शिळांचा समूह त्याने चित्रित करून ठेवला होता. अठराव्या शतकाच्या अखेरीस तो उद्ध्वस्त झाला आणि तीनच शिळा हाती राहिल्या. २०२० च्या डिसेंबरात यूस्टाडजवळ सांडपाण्याच्या वाहिनीसाठी खोदताना आणखी एक शिळा निघाली. तिच्यावरील प्राण्याची आकृती वोर्मच्या ग्रंथातील चित्राशी ताडून पाहिल्यावर तिची ओळख पटली.