कराची ते जुहू : जेआरडींचा फ्लाइट प्लॅन

दिवाळीच्या सुट्टीत लांज्याला घरी गेलो तेव्हा धाकट्या मावसभावाने कॉम्प्युटरवर फ्लाइट सिम्युलेटर टाकला होता. जॉयस्टिक कुठून तरी स्वस्तात मिळवलेली, आणि मॉनिटर ठेवलेला शिलाई मशीनच्या टेबलावर. साहेब मुंबईहून उडाले की दर वेळी गोव्याऐवजी समुद्रात नाहीतर सह्याद्रीत पोचायचे. त्यामुळे मी इंजिनिअरिंगला आहे या एकमेव भांडवलावर त्याने मला विचारलं, की दादा, फ्लाइट प्लॅनिंगसाठी कोणतं सॉफ्टवेअर घेऊ? सिमब्रीफ की लिटिल नॅव्हमॅप की आणखी काही?

मी दोन्ही उघडून बघत होतो तेवढ्यात लाईट गेली. मग पडवीत बसून आम्ही शाळेचा ॲटलास आणि कंपास पेटी काढली. मुंबई ते गोवा सरळ रेष मारली. अंतर सुमारे ४२५ किलोमीटर आणि दिशा १६६ अंश, म्हणजे दक्षिणेपासून किंचित पूर्वेला. गंमत म्हणजे ही रेष आमच्या लांज्याच्या पश्चिमेला जेमतेम १० किलोमीटरवरून जाते. तेव्हा मला आठवलं, की १९३५ साली याच कोकणपट्टीवरून टाटांची टपालाची विमानं मुंबईहून गोवा, कण्णूर करत त्रिवेंद्रमला जायला लागली होती. त्यांच्याकडे कसलं सॉफ्टवेअर? होस्टेलवर परत आल्यावर लायब्ररीत बसून जेआरडी टाटांबद्दल मिळेल ते वाचलं. त्यातून हा लेख झाला.

जहांगीर रतनजी दादाभॉय टाटा यांचा जन्म २९ जुलै १९०४ रोजी पॅरिसला झाला. वडील पारशी, आई सुझान फ्रेंच. त्यामुळे पहिली भाषा फ्रेंच आणि शाळा कधी पॅरिस, कधी मुंबई, कधी जपानमधलं योकोहामा. सुट्टीत हे कुटुंब उत्तर फ्रान्समधल्या आर्देलो या समुद्रकाठच्या गावी जायचं. तिथे शेजारी कोण, तर लुई ब्लेरिओ! १९०९ साली विमानाने इंग्लिश खाडी पहिल्यांदा ओलांडणारा तोच हा. त्याची विमानं तिथल्या वाळूवर उतरायची आणि हा मुलगा ती बघत राहायचा. पंधराव्या वर्षी तिथेच त्यांना एका विमानात बसायला मिळालं आणि पायलट व्हायचं हे तेव्हाच ठरून गेलं.

आता आपल्या जिव्हाळ्याचा मुद्दा. जेआरडींना केंब्रिजला इंजिनिअरिंग शिकायचं होतं. तयारीसाठी ते इंग्लंडला गेलेही होते. पण फ्रेंच नागरिक असल्यामुळे वर्षभर फ्रेंच सैन्यात नोकरी करावी लागली, आणि ती संपेपर्यंत वडिलांनी भारतात बोलावून घेतलं. १९२५ च्या अखेरीला ते टाटांच्या कचेरीत बिनपगारी उमेदवार म्हणून रुजू झाले. पुढच्याच वर्षी वडील गेले आणि केंब्रिज कायमचं राहिलं. डिग्री नसल्याची खंत त्यांना जन्मभर होती म्हणतात. एटीकेटीच्या यादीत नाव शोधणाऱ्या आपल्यासारख्यांनी यातून सोयीस्कर अर्थ काढू नये, कारण हा माणूस रात्री बसून स्वतःच पुस्तकं वाचून शिकत असे.

१९२९ साली मुंबईत फ्लाइंग क्लब सुरू झाला आणि अवघ्या साडेतीन तासांच्या शिकवणीनंतर जेआरडी एकटे उडाले. १० फेब्रुवारी १९२९ ला त्यांना वैमानिकाचा परवाना मिळाला. भारतात दिला गेलेला तो पहिला परवाना, त्यावर नंबरच १.

पुढच्या वर्षी आगाखानांनी ५०० पौंडांचं बक्षीस लावलं : भारत आणि इंग्लंडमधलं अंतर एकट्याने उडून पार करणाऱ्या पहिल्या भारतीयाला. जेआरडी मे महिन्यात कराचीहून आपल्या जिप्सी मॉथमधून निघाले. त्याच वेळी अ‍ॅस्पी इंजिनिअर नावाचा सतरा वर्षांचा मुलगा इंग्लंडहून उलट दिशेने निघाला होता. दोघांची गाठ इजिप्तमध्ये अबुकीरला पडली. अ‍ॅस्पी स्पार्क प्लगसाठी अडकून पडलेला. जेआरडींनी आपल्याजवळचे जादा प्लग प्रतिस्पर्ध्याला देऊन टाकले! अ‍ॅस्पी जिंकला, जेआरडी दुसरे आले. हाच अ‍ॅस्पी पुढे १९६० मध्ये भारतीय हवाई दलाचा प्रमुख झाला. व्हॅल्यू एज्युकेशनच्या तासाला ही गोष्ट नेहमी सांगतात. मला मात्र त्यात दुसरीच गोष्ट दिसते. दोघांपैकी ज्याने निघताना जास्तीचे प्लग बरोबर घेतले, त्याचं प्लॅनिंग चांगलं होतं.

आता मुख्य प्रकरण. नेव्हिल व्हिन्सेंट हा ब्रिटिश हवाई दलातून बाहेर पडलेला वैमानिक टपाल वाहतुकीची योजना घेऊन टाटांकडे आला होता. लंडनहून इंपीरियल एअरवेजचं टपाल कराचीपर्यंत विमानाने यायचं आणि पुढे रेल्वेने रखडायचं. तिथून मुंबई-मद्रासपर्यंत आपण उडवू, असा त्याचा बेत. सर दोराबजी टाटा फारसे उत्सुक नव्हते, पण त्यांचं मन वळवण्यात आलं आणि दोन लाख रुपयांच्या भांडवलावर काम उभं राहिलं. सरकारने अनुदान द्यायला नकार दिला. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी सकाळी ६ वाजून ३५ मिनिटांनी जेआरडी कराचीच्या ड्रिग रोड विमानतळावरून पस मॉथ जातीच्या छोट्या विमानातून एकटेच उडाले. बरोबर सुमारे २५ किलो टपाल, डोळ्यांना गॉगल आणि खिशात एक छोटा स्लाइड रूल. विमानात रेडिओ नाही, खाली वाट दाखवणारं यंत्र नाही, हवामानाचा ताजा अंदाज मिळायची सोय नाही.

स्लाइड रूल आपल्या पिढीने फार तर प्रयोगशाळेच्या कपाटात पाहिला असेल. लॉगॅरिदमच्या खुणा केलेल्या दोन पट्ट्या एकमेकींवर सरकवायच्या, की गुणाकार-भागाकार होतो. याच्यावर जेआरडींनी काय काढलं असेल ते आपणही काढून बघू. कराची ते अहमदाबाद सरळ रेषेत सुमारे ५९५ किलोमीटर, अहमदाबाद ते मुंबई सुमारे ४४० किलोमीटर. पस मॉथचा वेग ताशी १०० मैल, म्हणजे १६० किलोमीटर. पहिला टप्पा ३ तास ४० मिनिटांच्या आसपास, दुसरा पावणेतीन तासांचा. एकूण साधारण साडेसहा तास उडणं आणि मध्ये अहमदाबादला पेट्रोल भरणं. तिथे बर्मा शेलचे पेट्रोलचे डबे चक्क बैलगाडीतून आले होते! जेआरडी जुहूला उतरले दुपारी १ वाजून ५० मिनिटांनी, म्हणजे निघाल्यापासून सव्वासात तासांनी. आपला हिशेब आणि त्या दिवशीचं घड्याळ जुळतं.

पण हा हिशेब वारा नसताना. या रेषेखाली कच्छचं मोठं रण येतं. पांढरंफटक, सपाट, ना डोंगर ना रेल्वेलाईन. समजा, तिथे आडवा वारा ताशी २० मैलांचा असेल आणि वैमानिकाने तो धरलाच नाही, तर पहिला टप्पा संपेपर्यंत विमान जवळजवळ १२० किलोमीटर बाजूला वाहून जाईल. वारा कापायला नाक साडेअकरा अंश वाऱ्याकडे वळवून ठेवावं लागतं. अकरावी-बारावीत व्हेक्टरचं जे गणित आपण नावेचं आणि नदीचं म्हणून सोडवलं, तेच हे. फरक इतकाच, की इथे उत्तर चुकलं तर मार्क जात नाहीत, पेट्रोल संपतं.

जुहूला उतरल्यावर मद्रासपर्यंतचा पुढचा टप्पा बेल्लारीमार्गे व्हिन्सेंटने उडवला. जुहूचा विमानतळ म्हणजे समुद्राकाठचा चिखलाचा सपाट पट्टा होता आणि पावसाळ्यात तो पाण्याखाली जायचा. मग सगळं बिऱ्हाड उचलून पुण्याला येरवड्याला न्यायचं. कोकणातला पावसाळा ज्याने पाहिलाय त्यालाच कळेल, की जूनमध्ये घाटावरून असं विमान नेणं म्हणजे काय. तरीही पहिल्या वर्षात १,६०,००० मैल उड्डाण झालं आणि टपाल शंभर टक्के वेळेवर पोचलं. सरकारच्या नागरी विमान खात्याने आपल्या अहवालात हे काम इतरांनी बघून शिकावं असं म्हटलं. अनुदान नाकारणारं सरकारही हेच, बरं का!

पुढची कहाणी बहुतेकांना माहीत आहे, म्हणून भराभर सांगतो. १९३८ मध्ये, वयाच्या ३४ व्या वर्षी, जेआरडी टाटा समूहाचे अध्यक्ष झाले. टेल्को, टाटा मूलभूत संशोधन संस्था, असं बरंच काही त्यांच्या काळात उभं राहिलं. १९४६ मध्ये टाटा एअरलाइन्सची एअर इंडिया झाली. ८ जून १९४८ ला मलबार प्रिन्सेस हे कॉन्स्टेलेशन विमान मुंबईहून कैरो, जिनिव्हा करत लंडनला निघालं. ती एअर इंडियाची पहिली आंतरराष्ट्रीय फेरी, आणि जेआरडी स्वतः त्यात होते.

याच मलबार प्रिन्सेसचा शेवट फार वाईट झाला. ३ नोव्हेंबर १९५० रोजी कैरोहून जिनिव्हाकडे जाताना खराब हवेत ते माँ ब्लाँ पर्वतावर आदळलं. ४८ माणसं गेली, त्यांत बरेचसे खलाशी होते. यानंतर सव्वापंधरा वर्षांनी, २४ जानेवारी १९६६ ला, एअर इंडियाचं कांचनजंगा हे बोइंग ७०७ जवळजवळ त्याच जागी आदळलं. ११७ जण गेले. त्यांत डॉ. होमी भाभा होते, म्हणजे जेआरडींचे मित्र, ज्यांच्यासाठी त्यांनी १९४५ मध्ये टाटा ट्रस्टकडून संशोधन संस्था उभी करायला मदत केली होती. चौकशीत काय निघालं? विमानातला एक दिशादर्शक रिसीव्हर बिघडलेला होता. आपण माँ ब्लाँ पार केला, अशी वैमानिकाची समजूत झाली. रडारवरून खालच्या माणसाने पर्वत अजून पाच मैल पुढे असल्याचं कळवलं, पण ते नीट समजलं गेलं नाही आणि विमान उतरतच राहिलं. रेडिओ होता, रडार होतं, जेट इंजिन होतं, आणि चूक झाली ती आपण नकाशावर नेमके कुठे आहोत एवढ्याचीच. हे वाचलं त्या रात्री मला बराच वेळ झोप आली नाही.

इथे थोडं विषयांतर. जेआरडी कराचीहून उडत होते त्याच सुमारास अमेरिकेत एल्री जेपसेन नावाचा टपाल वैमानिक सोबती मरताना बघत होता. त्याने दहा सेंटची एक वही घेतली आणि प्रत्येक धावपट्टीची लांबी, आजूबाजूच्या टेकड्यांची उंची, वाटेतले दिवे, हवा विचारायला शेतकऱ्यांचे फोन नंबर असं सगळं टिपायला सुरुवात केली. इतर वैमानिक ती वही मागू लागले, तेव्हा १९३४ पासून तो प्रती विकायला लागला. आज सिम्युलेटरवाली पोरं नॅव्हिग्राफचा जो डेटा पैसे भरून घेतात, तो जेपसेनने काढलेल्या कंपनीकडूनच येतो. दर २८ दिवसांनी नवा.

१९५३ मध्ये एअर इंडियाचं राष्ट्रीयीकरण झालं. जेआरडींना ते पटलं नव्हतं, तरी ते अध्यक्ष राहिले, पगाराशिवाय. विमानात बसले की पडदे, चहाचा रंग, संडासाची स्वच्छता यावर टिपणं काढून अधिकाऱ्यांना पाठवायचे. अशा माणसाला फेब्रुवारी १९७८ मध्ये मोरारजी देसाईंच्या सरकारने अध्यक्षपदावरून दूर केलं.

१५ ऑक्टोबर १९८२ ला, पहिल्या उड्डाणाला पन्नास वर्षं झाली त्या दिवशी, ७८ वर्षांचे जेआरडी पुन्हा कराचीहून उडाले. हृदयाचा त्रास होता, आजूबाजूचे नको म्हणत होते. विमान जुनंच, लेपर्ड मॉथ, आणि तेही एकट्याने. जुहूला ते सुखरूप उतरले. १९९२ मध्ये भारतरत्न मिळालं आणि २९ नोव्हेंबर १९९३ रोजी जिनिव्हाला त्यांचं निधन झालं. जिनिव्हा म्हणजे त्या दोन्ही विमानांना जिथे पोचायचं होतं ते गाव. एअर इंडिया टाटांकडे परत आली जानेवारी २०२२ मध्ये. ते बघायला ते नव्हते.

आता सॉफ्टवेअरचं. होस्टेलवर तीन-चार जण सिम्युलेटर खेळतात, त्यांनीही मला हेच विचारलंय. मोठं जेट उडवणार असाल तर सिमब्रीफ घ्या. फुकट आहे, वारा, पेट्रोल, पर्यायी विमानतळ सगळं मांडून देतं. फुकट खात्यात नकाशाचा डेटा जुना असतो, पण घरच्या खेळाला चालतो. छोटं विमान असेल तर लिटिल नॅव्हमॅप. तेही फुकट, आणि नकाशावर स्वतः रेष ओढता येते. मावसभावाला मी तेच टाकून दिलं, पण एक अट घातली. आधी कागदावर अंतर, दिशा आणि वेळ काढायची, मग सॉफ्टवेअरशी ताडून बघायची. दुसऱ्या दिवशी लाईट होती. तो मुंबईहून उडाला, मी शेजारी घड्याळ घेऊन बसलो. रत्नागिरी गेल्यावर डावीकडे लांजा दिसायला हवं होतं. ते उजवीकडे दिसलं. पश्चिमेचा वारा धरायला विसरला होता.