कुत्र्यांसाठी अख्खी मुंबई बंद पडली होती, तेव्हा जमशेटजी जीजीभॉयांनी मारण्याऐवजी सांभाळण्याचा रस्ता दाखवला

साल १८३२. जून महिन्याचा पहिला आठवडा. मुंबईचा फोर्ट भाग बंद. दुकानांना कुलपं, बाजारात शुकशुकाट. कुलाब्याच्या छावणीतल्या गोऱ्या सैनिकांना पाव मिळेना की पाणी मिळेना. आणि या सगळ्याचं कारण काय? तर रस्त्यावरची कुत्री.

आज जे.जे. हॉस्पिटल, जे.जे. स्कूल ऑफ आर्ट ही नावं आपण रोज घेतो. पण त्यातले जे.जे. म्हणजेच सर जमशेटजी जीजीभॉय यांचा मुंबईच्या भटक्या कुत्र्यांशीही संबंध होता, हे फार थोड्यांना माहीत असतं. म्हणूनच हा किस्सा आणि हा माणूस नीट समजून घ्यायला पाहिजे.

जमशेटजींचा जन्म १७८३ चा. घरची परिस्थिती बेताची. वयाच्या सोळाव्या वर्षापर्यंत आई आणि वडील दोघंही गेले. पोरका झालेला हा मुलगा मुंबईत मामाच्या आसऱ्याला आला. मामा फ्रामजी नसरवानजी यांचा धंदा होता रिकाम्या बाटल्या विकत घेऊन विकायचा, म्हणून आडनाव पडलं बाटलीवाला. जमशेटजी त्याच धंद्यात शिकले. पुढे मामाची मुलगी आवाबाई यांच्याशीच त्यांचं लग्न झालं.

पण बाटल्यांवर हा गडी थांबणारा नव्हता. त्या काळी पैसा होता चीनच्या व्यापारात. जमशेटजींनी चीनच्या पाच सफरी केल्या. १८०५ साली चौथ्या सफरीवर असताना ते ज्या ब्रन्सविक जहाजावर होते, तेच फ्रेंचांनी पकडलं. माल गेला, पैसा गेला, थेट दक्षिण आफ्रिकेच्या टोकाला, केप ऑफ गुड होपला नेऊन सोडलं. तिथून कसेबसे ते परत आले.

या संकटातच त्यांची एक ओळख झाली. त्याच जहाजावर विल्यम जार्डिन नावाचा डॉक्टर होता. पुढे हाच जार्डिन चीनच्या व्यापारातला बडा माणूस झाला आणि त्याच्या कंपनीचे मुंबईतले सगळ्यात मोठे भागीदार ठरले जमशेटजी. कापूस गेला, तशी अफूही गेली. जमशेटजींच्या संपत्तीचा मोठा हिस्सा अफूच्या व्यापारातून आला, ही गोष्ट लपवण्यात अर्थ नाही. त्या अफूने चीनमधली लाखो घरं पोखरली. एका हाताने आलेला हा पैसा दुसऱ्या हाताने त्यांनी दवाखाने, शाळा, विहिरी आणि पुलांवर खर्च केला. माणूस समजून घ्यायचा तर दोन्ही बाजू बघाव्या लागतात.

आता येऊ मूळ मुद्द्यावर. कुत्र्यांचं नेमकं काय झालं?

मुंबईत भटकी कुत्री वाढली की उन्हाळ्यात ती मारायची, असा नियम ब्रिटिशांनी १८१३ पासून लावला होता. पिसाळलेल्या कुत्र्याची भीती खरी होती. तेव्हा रेबीजवर लसच नव्हती, ती आली १८८५ साली. चावा बसला आणि रोग झाला की मरण ठरलेलं. त्यामुळे सरकारची काळजी खोटी नव्हती, उपाय मात्र क्रूर होता.

१८३२ साली सरकारने मारण्याची मुदत वाढवली. कुत्रं मारणाऱ्याला प्रत्येकी आठ आणे मिळायचे. आठ आणे म्हणजे तेव्हा चांगली रक्कम. मग काय, बक्षिसाच्या लोभाने लोक भटकं-पाळीव बघेनात. दारातली, अंगणातली कुत्रीही उचलली जाऊ लागली.

पारशी समाजात कुत्र्याला धार्मिक मान आहे. माणूस गेला की अंत्यविधीत त्याच्यासमोर कुत्र्याला आणलं जातं, त्या विधीला सगदीद म्हणतात. त्यात ६ जून हा दिवस पारशांसाठी सणाचा होता. त्याच दिवशी फोर्टात कुत्री पकडणाऱ्या शिपायांवर जमाव धावून गेला. दुसऱ्या दिवशी बंद पुकारला गेला. जीवहत्या पाप मानणारे जैन आणि हिंदू व्यापारी उतरले, मुसलमानही सामील झाले. मुंबईच्या इतिहासातल्या पहिल्या मोठ्या दंग्यांपैकी हा एक.

सरकारने सैन्य बोलावलं, धरपकड झाली. दंगा एका दिवसात दबला, पण प्रश्न तिथेच होता. लोकांना चावणारी कुत्री नको होती आणि मारलेली कुत्रीही नको होती. मग करायचं काय?

इथे जमशेटजींसारखे शेटजी मध्ये पडले. एकीकडे सरकारदरबारी अर्ज-विनंत्या करून वातावरण थंड करायचं, दुसरीकडे कुत्र्यांची सोय लावायची. सरकारही नमलं. कुत्री मारण्याऐवजी शहराबाहेर नेऊन सोडायचं ठरलं. पण नुसतं बाहेर सोडून भागणार नव्हतं. त्यांना खाऊ कोण घालणार, आजारी पडली तर कोण बघणार?

उत्तर गुजरातेत आधीपासून होतं. सुरत, अहमदाबादसारख्या शहरांत जैन महाजन म्हाताऱ्या, लंगड्या, टाकून दिलेल्या जनावरांसाठी पांजरपोळ चालवायचे. जमशेटजींनी आपले व्यापारातले जोडीदार मोतीशा शेठ यांच्यासोबत तीच कल्पना मुंबईत आणली. १८३४ साली भुलेश्वरजवळ मुंबईची पांजरपोळ सुरू झाली. एक पारशी, एक जैन. खर्चासाठी व्यापाऱ्यांनी आपल्याच मालावर थोडा थोडा लागा बसवला. म्हणजे दया एका श्रीमंताच्या मर्जीवर ठेवली नाही, तिची कायमची तजवीज केली.

याची जगाशी तुलना करून बघा. लंडनमधलं भटक्या कुत्र्यांचं प्रसिद्ध आश्रयस्थान बॅटरसी निघालं १८६० साली. मुंबईची पांजरपोळ त्याच्या २६ वर्षं आधीची. उलट १९१० मध्ये इस्तंबूलच्या सरकारने हजारो कुत्री पकडून एका ओसाड बेटावर सोडली. अन्नपाण्याविना ती तिथेच मेली. शहराबाहेर सोडणं आणि सांभाळणं यात काय फरक आहे, हे त्या बेटावर दिसलं.

१८३४ सालीच जमशेटजी जस्टिस ऑफ द पीस नेमल्या गेलेल्या पहिल्या भारतीयांमध्ये होते. १८४२ मध्ये सर ही पदवी मिळालेले ते पहिले भारतीय ठरले. १८४५ मध्ये जे.जे. हॉस्पिटल सुरू झालं. त्याच वर्षी माहीमची खाडी ओलांडताना होड्या बुडून लोक मरायचे म्हणून लेडी आवाबाईंच्या १ लाख ५७ हजार रुपयांतून माहीम कॉजवे झाला. १८५७ मध्ये जमशेटजी बॅरोनेट झाले आणि १४ एप्रिल १८५९ रोजी ते गेले.

त्यांच्यामागे पांजरपोळ वाढत गेली. चेंबूरला पांजरपोळ नावाचा चौक आजही आहे. कल्याण-मुरबाड रस्त्यावर रायत्यालाही तिची शाखा आहे. आज तिथे कुत्र्यांपेक्षा गाई-गुरंच जास्त दिसतात.

पण शहराने जमशेटजींचा धडा मात्र विसरायचं ठरवलं. पुढची कित्येक दशकं मुंबईत कुत्री मारणं सुरूच राहिलं. १९८४ ते १९९४ या दहा वर्षांत महापालिकेने साडेचार लाखांच्या आसपास कुत्री मारली. तरी कुत्री संपली का? नाही. कचरा तसाच, खाणं तसंच, त्यामुळे रिकाम्या झालेल्या जागेत दुसरी कुत्री येतात आणि त्यांना पिल्लं होतात. शेवटी १९९४ मध्ये मारणं थांबलं आणि नसबंदीचा मार्ग धरला गेला. २००१ चे आणि आता २०२३ चे प्राणी जन्म नियंत्रण नियम हेच सांगतात. नसबंदी करा, रेबीजची लस द्या. दयामरण फक्त बरं न होणाऱ्या आजाराने किंवा जीवघेण्या जखमेने तडफडणाऱ्या कुत्र्याला. जागा नाही किंवा कंटाळा आला, ही कारणं त्यात बसत नाहीत.

मग आज अडतंय कुठे? पांजरपोळीच्या कल्पनेत एक उणीव होती. आत आलेलं जनावर शेवटपर्यंत आतच. येणारे वाढतात, बाहेर जाणारं कुणी नाही, मग गर्दी, रोग आणि खर्च. आजच्या प्रत्येक निवाऱ्याची हीच अडचण आहे. दत्तक घेणं म्हणजे या पिंजऱ्याला बाहेरचं दार बसवणं. तुम्ही एक कुत्रं घरी नेलं की निवाऱ्यात एका जखमी कुत्र्याची जागा मोकळी होते.

२२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयानेही प्राणीप्रेमींना पालिकेकडे अर्ज करून भटकी कुत्री दत्तक घेण्याची मुभा दिली. अट एकच, दत्तक घेतलेलं कुत्रं परत रस्त्यावर येता कामा नये.

आता ठाण्यातलं बाळकुम घ्या. एका बाजूला जुनं गाव आणि खाडी, दुसऱ्या बाजूला नवे टॉवर. गावातलं कुत्रं गल्लीचं असतं. सगळे त्याला ओळखतात, भाकरीचा तुकडा टाकतात. टॉवर आला की तेच कुत्रं अनोळखी होतं. मग सोसायटीत दोन पार्ट्या पडतात, एक खाऊ घालणारी आणि एक घाबरणारी. घाबरणारी पार्टीही चूक नाही. लहान मुलाला चावा बसला तर आईबापाची काय अवस्था होते, हे त्यांनाच विचारा. आणि म्हणूनच खाऊ घालून निघून जाण्यापेक्षा जबाबदारी घेणारा माणूस दोन्ही पार्ट्यांना हवा असतो.

तुमच्या मनात असेल तर काही गोष्टी आधी ठरवा. घरातल्या सगळ्यांची तयारी आहे का? कुत्रं दहा-बारा वर्षं तरी जगतं, तेवढी वर्षं वेळ आणि खर्च जमेल का? गावाला गेलात तर कोण बघेल? उत्तरं जमत असतील तर पिल्लूच हवं असा हट्ट सोडा. मोठ्या कुत्र्याचा स्वभाव आधीच कळतो आणि त्याला घर मिळणं जास्त अवघड असतं. देशी कुत्रं आपल्या हवामानाला सरावलेलं असतं. रेबीजची लस, नसबंदी, पालिकेची नोंदणी एवढं केलं की सोसायटीतही बोलायला तोंड राहतं.

आणि घरी ठेवणं शक्यच नसेल तर निवाऱ्याला एखाद्या कुत्र्याचा महिन्याचा खर्च द्या, किंवा घर मिळेपर्यंत थोडे दिवस सांभाळा. जमशेटजींनी तरी वेगळं काय केलं होतं? सगळी कुत्री आपल्या बंगल्यात नेली नव्हती. जीव वाचवायचा तर त्याच्या उद्याच्या जेवणाची सोय आजच लावावी लागते, हे त्या व्यापाऱ्याला कळलं होतं.