वि. स. पागे यांचा दुहेरी हिशेब

१९७२ साली भोकरदन तालुका औरंगाबाद जिल्ह्यात होता. त्या वर्षी पावसाने पाठ फिरवली आणि मराठवाड्यातील कोरडवाहू शेतकरी शेतमजुराच्या शेजारी बसून दुष्काळी कामावर खडी फोडू लागला. मे १९७३ मध्ये राज्यभर अशा कामांवर सुमारे ५० लाख माणसे होती. मजुरीने माणसे जगली. परंतु फोडलेल्या खडीने पुढच्या पावसाचे पाणी अडणार नव्हते.

हा पेच विठ्ठल सखाराम पागे यांनी दुष्काळापूर्वीच ओळखला होता. स्वातंत्र्यलढ्यातून आलेले, संतवाङ्मयाचा व्यासंग असलेले पागे १९६० ते १९७८ या काळात विधान परिषदेचे सभापती होते. त्या मानाच्या आसनावरूनही त्यांची दृष्टी खेड्यातील रिकाम्या हातांवर होती. कोरडवाहू शेतीत वर्षाचे काही महिनेच काम असते. उरलेल्या महिन्यांत तेच हात बांधबंदिस्तीला, पाझर तलावांना लावले, तर आज मजुरी मिळेल आणि उद्या जमिनीत ओल राहील, असा त्यांचा दुहेरी हिशेब होता. सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात त्याचा प्रयोग झाला आणि १९७२ मध्ये तत्कालीन मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांच्या शासनाने ही योजना राज्यासाठी स्वीकारली.

पैशाचा प्रश्न १९७५ च्या व्यवसाय कराने सोडवला. शिक्षक आणि कारकून यांच्या पगारातून रक्कम कापली जाऊ लागली. शासनाने तितकीच भर घालावी, असे ठरले. शहरी पगारदाराने ग्रामीण मजुराची हमी घेण्याचा हा अपूर्व करार होता. १९७७ मध्ये विधिमंडळाने कायदा केला. २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. मागणी केल्यापासून पंधरा दिवसांत काम, नाहीतर बेकारी भत्ता, असे बंधन शासनाने स्वतःवर घालून घेतले. मदतीचा हक्क झाला, तो येथे.

पागे १९९० मध्ये निवर्तले. त्याच वर्षी योजनेला फळबाग लागवडीची जोड मिळाली. २००५ मध्ये केंद्राने देशासाठी रोजगार हमीचा कायदा केला, तेव्हा महाराष्ट्राचा अनुभव समोर होता.

मात्र हिशेबाची दुसरी बाजू दुबळीच राहिली. खोट्या हजेरीपटांनी आणि अर्धवट कामांनी योजनेला बट्टा लावला. तलावाखालच्या विहिरींना पाणी आले, ते ज्याच्या मालकीची जमीन होती त्याला. तलाव खोदणाऱ्या भूमिहीनाच्या पदरी फक्त मजुरी पडली. शिवाय बांधलेल्या बांधाची निगा कोणी राखावी, याचे उत्तर अनेक गावांत मिळाले नाही. गाळाने भरलेला तलाव म्हणजे करदात्याचा पैसा आणि मजुराचा घाम, दोन्ही वाया.

म्हणून अशा योजनांचे मोजमाप खर्ची पडलेल्या रकमेने होऊ नये. किती हातांना वेळेवर दाम मिळाले आणि किती वर्षांनंतरही बांधाआड पाणी उभे राहते, हे भोकरदनच्या शिवारात जाऊन पाहावे. पागे यांचा हिशेब या दोन आकड्यांखेरीज पुरा होत नाही.